पाच मिलिमीटरचा फरक

‘मांगच्या गोयीनं फरक नाही पडला, आता पावरची द्या.’ विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी मेडिकलच्या काउंटरपाशी थोडा वेळ थांबलात तर हे वाक्य कानावर पडतेच. मग अमॉक्सिसिलिनच्या जागी सेफिक्झिम येते. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर दवाखान्यात सेफ्ट्रियाक्झोनचे इंजेक्शन, जोडीला सलाईन. पेशंट, दुकानदार आणि पुष्कळदा डॉक्टर, तिघांच्याही डोक्यात औषधांची एकच शिडी असते: खालच्या पायरीवर कमी पॉवरचे, वरच्या पायरीवर जास्त पॉवरचे. बैलजोडीला नांगर ओढवेना तर ट्रॅक्टर सांगायचा, तसे.

ही शिडी खोटी आहे. अँटिबायोटिक लागू पडत नाही तेव्हा ते कमी जोराचे असते म्हणून नव्हे. जिवाणूच्या एखाद्या एन्झाइमच्या, म्हणजे रेणू जोडणाऱ्या-तोडणाऱ्या प्रथिनाच्या, खाचेत ते बरोबर बसते आणि तिथे मोडले जाते, किंवा जिथे बसायला हवे त्या खाचेचा आकारच बदललेला असतो. प्रश्न जोराचा नाही, मापाचा आहे. आणि तालुक्याच्या गावात हे माप घेण्याची सोय नाही, हे खरे दुखणे. जनजागृतीची पोस्टर्स, मेडिकलवरच्या धाडी, नवी महागडी इंजेक्शने या सगळ्यांचा नंबर त्यानंतर लागतो. सरकारदरबारी मात्र क्रम उलटा आहे.

माप म्हणजे काय, ते जवळून पाहू.

जिवाणूच्या पेशीभोवती जाळीदार भिंत असते. आत पाण्याचा दाब एवढा, की भिंत ढिली झाली की पेशी फुटते. बाज विणताना उभ्या दोऱ्यांना आडवे दोर गुंतवतात, तशी या भिंतीची वीण: उभे धागे साखरेच्या रेणूंचे, आडव्या गाठी अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांच्या. गाठी मारणारे एन्झाइम वेगळे. विणायच्या टोकाला डी-अ‍ॅलॅनिनचे दोन मणी लागोपाठ असतात. एन्झाइमच्या खाचेत सेरीन नावाचे अमिनो आम्ल आहे, तो त्याचा हात समजा. त्या हाताने ते टोक धरते, शेवटचा मणी तोडते, उरलेले टोक शेजारच्या धाग्याला बांधते आणि हात मोकळा करते.

पेनिसिलिनचा आकार त्या दोन मण्यांची नक्कल आहे. त्यात चार अणूंचे एक ताणलेले कडे असते, बीटा-लॅक्टॅम. एन्झाइमने नेहमीच्या सवयीने ते हातात धरले की कडे उघडते आणि पेनिसिलिन हाताला धावड्याच्या डिंकासारखे चिकटते. तासन्‌तास हात सुटत नाही, गाठी पडत नाहीत, वाढणारी पेशी फुटते. औषधाचा जोर असा यात कुठेच नाही. एका कारागिराचा हात अडकला, एवढेच.

आता बीटा-लॅक्टमेज पाहा. हे पेनिसिलिन मोडणारे एन्झाइम आणि गाठी मारणारे एन्झाइम एकाच घराण्यातले. खाच जवळपास तीच, हातही सेरीनचाच, अमिनो आम्लांच्या साखळीत ७० व्या क्रमांकावरचा. फरक एवढाच की १६६ व्या क्रमांकावरचे ग्लुटामिक आम्ल पाण्याचा एक रेणू अगदी नेमक्या जागी धरून बसलेले असते. पेनिसिलिन हाताला चिकटले रे चिकटले की हे पाणी त्यावर पडते, बंध सुटतो, उघडलेले निकामी औषध बाहेर आणि हात पुन्हा मोकळा. हात धुण्याची सोय असलेला कारागीर म्हणा. टीईएम-१ हे या जातीचे सर्वांत परिचित एन्झाइम १९६० च्या दशकात अथेन्समधल्या एका रुग्णाच्या जिवाणूत सापडले. ते सेकंदाला हजाराच्या आसपास रेणू मोडते. अशा जिवाणूपुढे ५०० ची गोळी १००० ची केली तर त्याचे काम थोडे वाढेल. हात थकणार नाही.

ही चाल जिवाणू आपल्याकडे बघून शिकले, असेही समजू नये. पेनिसिलिन बाजारात यायच्या आधी, १९४० मध्येच, अब्राहम आणि चेन यांनी ते मोडणारे एन्झाइम नोंदवले होते. माती हा जिवाणूंचा जुना आखाडा. आपण फक्त ज्याच्याकडे हे हत्यार होते त्याला मोकळे रान दिले.

शिडीवरची पुढची पायरी याच माहितीवर बांधली गेली. पेनिसिलिनसारखेच बीटा-लॅक्टॅम कडे असलेल्या तिसऱ्या पिढीच्या सेफालोस्पोरिनना, म्हणजे सेफोटॅक्झिम, सेफ्ट्रियाक्झोन, सेफ्टाझिडिम यांना, मुद्दाम मोठी बाजूसाखळी जोडली, म्हणजे ती टीईएम-१ च्या अरुंद खाचेत शिरू नयेत. युक्ती चांगली होती, टिकली थोडी. १९८३ मध्ये जर्मनीतून अशा एन्झाइमची नोंद झाली, ज्यात २३८ व्या क्रमांकावरच्या ग्लायसिनच्या जागी सेरीन आले होते. पावणेतीनशेच्या आसपास अमिनो आम्लांच्या साखळीत एक मणी बदलला, खाच थोडी रुंदावली, मोठी बाजूसाखळी आत मावू लागली.

यात एक गंमत आहे, जी औषधाच्या पुस्तकांत सहसा सांगत नाहीत. खाच रुंद करणे फुकट नसते. मातीच्या घराचा दरवाजा रुंद केला की वरची भिंत खचायला लागते, तसे टीईएमच्या घराण्यात असा बदल झाला की एन्झाइम अस्थिर होते. मग १८२ व्या क्रमांकावर मेथिओनिनच्या जागी थ्रिओनिन येतो आणि टेकू देतो. म्हणजे वरच्या पायरीवरच्या औषधाला दिलेले उत्तर जिवाणूला परवडते, पण ते औषध सारखे आजूबाजूला असेल तरच. गरज नसताना दिलेले प्रत्येक सेफ्ट्रियाक्झोन त्या टेकूला भाडे देत राहते.

आपल्याकडे मात्र बहुतेक काम दुसऱ्याच घराण्याने केले. क्लुइव्हेरा नावाच्या निरुपद्रवी जिवाणूंच्या गुणसूत्रावरचा एक जनुक सुटून प्लाझ्मिडवर चढला. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणू एकमेकांना हातोहात देतात ती डीएनएची सुटी चकती. त्यातून सीटीएक्स-एम एन्झाइमे आली. त्यातले सीटीएक्स-एम-१५ प्रथम ओळखले गेले ते १९९९ मध्ये नवी दिल्लीत घेतलेल्या नमुन्यांतून. आज मूत्रमार्गाच्या साध्या जंतुसंसर्गातल्या ई. कोलाय या जिवाणूमध्येही ते सापडते. त्यावर सेफिक्झिम देऊन ‘फरक नाही पडला’ म्हणणे, आणि मग सेफ्ट्रियाक्झोन देणे, म्हणजे ज्या कुलपाला एक किल्ली लागली नाही त्याला त्याच घडणीची सोन्याची किल्ली लावून बघणे.

मग क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल आहे ना, असे कोणी विचारेल. आहे, आणि युक्ती म्हणून ते फार देखणे आहे. तेही बीटा-लॅक्टॅमच, स्वतः जवळजवळ निरुपयोगी, पण बीटा-लॅक्टमेजने हातात धरले की आतल्या आत बदलून असे काही चिकटते की पाण्यानेही सुटत नाही. धुणाऱ्याचा हातच अडकवायचा. ६२५ च्या गोळीत ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असते ते यासाठी. पण हे आम्ल ओलाव्याला आणि उष्णतेला अमॉक्सिसिलिनपेक्षा कितीतरी नाजूक. म्हणून गोळी जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत येते, वर २५ अंशांच्या खाली ठेवा असे लिहिलेले असते. आणि मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात पट्टीतून चार गोळ्या सोडवून कागदाच्या पुडीत बांधून दिल्या, की त्या पुडीतले अमॉक्सिसिलिन बऱ्यापैकी शाबूत राहते आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल आधी मरते. पेशंटने पैसे मोजले ६२५ चे, पोटात गेले ५०० आणि काही. लहान मुलांच्या सुक्या सिरपचे तर विचारूच नका. उकळून गार केलेले पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालून हलवायचे, मग २ ते ८ अंशांत ठेवून ७ दिवसांत संपवायचे. ज्या घरात फ्रिज नाही तिथे ती बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवतात. माठाशेजारी ८ अंश कधी नसतात. अशा घरी त्या सिरपऐवजी दुसरे काही चालेल का, हा प्रश्न लिहून देणाऱ्याने आधी विचारायचा असतो.

एनडीएम-१ (न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) या एन्झाइमपुढे तर हीसुद्धा युक्ती चालत नाही. २००८ मध्ये, दिल्लीत उपचार घेतलेल्या एका स्वीडिश रुग्णाच्या क्लेबसिएला या जिवाणूमध्ये ते सापडले, आणि नावात दिल्ली आल्यावरून २०१० मध्ये संसदेपर्यंत वाद झाला. नावाचा राग आपण पुष्कळ केला, रचनेकडे कमी पाहिले. या एन्झाइमला सेरीनचा हातच नाही. खाचेत जस्ताचे दोन अणू आहेत, ते पाण्याला थेट धारदार करतात. हातच नाही तर क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल चिकटणार कशाला? मेरोपेनेमसारखी शेवटच्या फळीतली औषधेही ते मोडते. गंमत म्हणजे अ‍ॅझट्रिओनाम हे त्याच घराण्यातले औषध त्याला मोडता येत नाही. म्हणजे ‘सर्वांत पॉवरचे’ पडते आणि बाजूला उभे असलेले टिकते. शिडीची कल्पना इथे साफ कोसळते.

आता माप. ते घ्यायला जनुके वाचणारे यंत्र लागत नाही. म्यूलर-हिंटन अगारची, म्हणजे जिवाणू वाढवायच्या खळीची, ४ मिलिमीटर जाडीची बशी, त्यावर पेशंटच्या लघवीतून वाढवलेल्या ई. कोलायचा ठरावीक गढूळपणाचा लेप. मग दोन कागदी चकत्या: एकीत ३० मायक्रोग्रॅम सेफोटॅक्झिम, दुसरीत तेवढेच सेफोटॅक्झिम आणि १० मायक्रोग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. ३५ अंशांवर १६ ते १८ तास. सकाळी बशी उजेडात धरा. पांढुरक्या थरात चकत्यांभोवती स्वच्छ गोल पडलेले असतात, तिथे जिवाणू वाढू शकले नाहीत. साध्या चकतीभोवतीचा गोल समजा १४ मिलिमीटर आणि जोडचकतीभोवती २३. फरक ५ मिलिमीटर किंवा जास्त असला की निदान झाले: या जिवाणूकडे रुंद खाचेचे बीटा-लॅक्टमेज आहे. रेणूच्या खाचेतला एका मण्याचा बदल प्लास्टिकच्या पट्टीने मोजता येतो, याहून लोकशाहीवादी तपासणी कोणती? सेफ्टाझिडिमची जोडीही लावायची, कारण काही एन्झाइमे एका औषधावर दिसतात, दुसऱ्यावर लपतात.

चुका होतात, आणि त्या ठरलेल्या जागी होतात. अगार जाड ओतला तर गोल लहान पडतो आणि चांगले औषध निकामी ठरते. लेप दाट झाला तरी तेच. चकत्यांचा डबा फ्रिजमधून काढल्या काढल्या उघडला की आत दव धरते, आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल दवाने मरते. मग जोडचकती साध्या चकतीसारखी वागते आणि असलेले एन्झाइम दिसत नाही. म्हणून डबा खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, मगच उघडायचा, आणि दर आठवड्याला ज्याचे माप माहीत आहे असा प्रमाणित जिवाणू सोबत लावून पाहायचे. सर्वांत मोठी चूक मात्र प्रयोगशाळेच्या बाहेर होते. लघवीचा नमुना दोन तासांत पोचायला हवा, नाहीतर ४ अंशांवर ठेवायला हवा. उन्हाळ्यात एसटीच्या टपावरून तीन तास आलेल्या बाटलीत चार-दोन जिवाणूंचे हजारो होतात, आणि निरोगी बाईला ‘मिलिलिटरला एक लाखाहून जास्त’ असा रिपोर्ट मिळतो. बोरिक आम्ल घातलेली बाटली वापरली तर नमुना २४ तास बाहेर टिकतो. ही बाटली कुठल्याच ग्रामीण रुग्णालयाला परवडणार नाही अशी नाही. नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी घ्यायचा, हे तर फुकट आहे.

तरीही ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन होते, मलेरियाची काच होते, थुंकी होते. कल्चरसाठी, म्हणजे जिवाणू वाढवून तपासण्यासाठी, सहसा जिल्ह्याचे ठिकाण, नाहीतर सेवाग्राम किंवा नागपूर. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या पुढे. अशा ठिकाणच्या डॉक्टरने अंदाजाने वरची पायरी गाठली तर त्याला नावे ठेवायची कशी?

‘आधी माप, मग औषध’ हे सरकारला परके आहे, असेही नाही. क्षयरोगात ते आपण करतोच. रिफॅम्पिसिन जिवाणूच्या आरएनए पॉलिमरेज या एन्झाइमला बसते. त्याच्या जनुकातल्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात बदल झाला की खाच बिघडते आणि औषध बसत नाही. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट हे जनुक वाचणारे यंत्र हेच तपासते, काही तासांत, आणि त्यासाठी गावागावातून थुंकीच्या डब्या गोळा होऊन यंत्रापर्यंत जातात. डबी नेणारा माणूस आहे, रस्ता ठरलेला आहे, नोंद आहे. त्याच पिशवीत लघवीच्या दोन बाटल्या का जात नाहीत, याचे उत्तर विज्ञानात नाही, विभागांच्या हद्दीत आहे.

उलट बाजूचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. अनेकांना वाटते, आधी चिठ्ठीशिवायची विक्री बंद करा. कायदा आहेच: १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ सूचीत सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्झोन, मेरोपेनेम आहेत. चिठ्ठी देणाऱ्याचे नाव, पेशंटचे नाव, औषध आणि किती दिले, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षे जपायचे. ते रजिस्टर तपासले जावे, यात दुमत नाही. पण ज्या गावाला डॉक्टर आठवड्यातून एकदा दिसतो तिथे नुसती बंदी म्हणजे विक्री पुढच्या गावी सरकणे. आणि चिठ्ठी असली तरी ती अंदाजाचीच असेल, तर रजिस्टरमध्ये चुकीचे औषध नीटनेटके नोंदले जाईल, एवढेच.

‘कोर्स पूर्ण करा’ हे घोषवाक्य तर आता जरा मागे ठेवायला हवे. स्वतःच्या मनाने गोळ्या सोडू नयेत, क्षयरोगात तर मुळीच नाही, हे खरे. पण त्याने सगळा दोष गोळी सोडणाऱ्या माणसाच्या माथी जातो. सर्दीखोकल्याच्या विषाणूसाठी दिलेला पाच दिवसांचा कोर्स पूर्ण केला तर आतड्यातल्या जिवाणूंवर पाच दिवस दाब पडतो, अर्धा टाकला असता तर अडीच दिवस. तिथे गुन्हा कोर्स सोडण्याचा नसून सुरू करण्याचा आहे.

शेताकडेही पाहावे लागेल. कपाशीवरच्या जिवाणूजन्य करप्याला आणि लिंबूवर्गीय झाडांच्या खैऱ्याला १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि १ ग्रॅम स्ट्रेप्टोसायक्लिन, ही शिफारस वर्षानुवर्षे तोंडपाठ झालेली. त्या पुडीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन असते, पण कृषी केंद्रात ती ‘पावडर’ म्हणून मिळते, आणि एक ग्रॅम मोजायचा काटा कुणाकडे नसल्याने पंपाला अर्धी-पाव पुडी अंदाजाने पडते. स्ट्रेप्टोमायसिनवर फॉस्फेटचे ठिगळ लावून ते निकामी करणाऱ्या एन्झाइमांची जनुकजोडी फळझाडांवरच्या जिवाणूंतही सापडते आणि माणसांच्या जिवाणूंतही. ती एकटी क्वचित फिरते. प्लाझ्मिडवर शेजारी बीटा-लॅक्टमेज असले, तर बागेतल्या फवारणीने त्याचीही निवड होते. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये या दोन औषधांच्या शेतीतल्या वापरावर टप्प्याटप्प्याने बंदीचा मसुदा काढला. शेतकऱ्याला पर्याय न सांगता पुडी काढून घेणे हेही मेडिकलवरच्या धाडीसारखेच होईल.

विदर्भाने हा विषय अंगाला लावून घ्यावा याला आणखी दोन कारणे आहेत. सिकलसेलच्या मुलांची प्लीहा लवकर निकामी होते, म्हणून पाच वर्षांपर्यंत त्यांना रोज दोनदा तोंडाने पेनिसिलिन द्यावे लागते: तीन वर्षांपर्यंत १२५ मिलिग्रॅम, पुढे २५०. त्यांचा मुख्य शत्रू न्यूमोकोकस हा जिवाणू बीटा-लॅक्टमेज बनवत नाही. तो गाठी मारणाऱ्या एन्झाइमची खाचच दुसऱ्या जिवाणूंच्या जनुकांचे तुकडे जोडून बदलतो. आपल्या भागातल्या न्यूमोकोकसची खाच किती बदलली आहे, हे या मुलांच्या आईबापांइतके कुणालाच महत्त्वाचे नाही. दुसरे कारण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांच्या जंतुदोषावर जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि कोट्रायमोक्झॅझोल द्यायला लावले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. ती सगळी किमया दोन जुन्या, स्वस्त औषधांवर उभी होती. जेंटामायसिनला ठिगळ लावणारी एन्झाइमे पसरली, तर त्या बाईच्या हातातली सुई तीच राहील, आतले औषध पाणी होईल. ज्या औषधांची पर्यायी औषधे शिरेतून, रुग्णालयात, दिवसातून तीनदा द्यावी लागतात, ती सांभाळणे हे खेड्याच्या हिताचे आहे, शहराच्या कितीतरी आधी.

मागणी तशी छोटी आहे. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात कल्चर. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात बोरिक आम्लाच्या बाटल्या आणि थुंकीच्या डब्यांसोबत त्यांचा प्रवास. वर्षाअखेर जिल्ह्याचा एक तक्ता, ज्यात एका पेशंटचा पहिलाच जिवाणू धरायचा आणि एका जातीचे किमान ३० नमुने असल्याशिवाय टक्केवारी छापायची नाही. तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागला की मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गाला सेफिक्झिमऐवजी नायट्रोफ्युरँटॉइन लिहिताना डॉक्टरचा हात अडखळणार नाही. हे जुने औषध बीटा-लॅक्टॅम नाही, त्यामुळे ही खाच त्याला लागू नाही. अर्थात पूर्व विदर्भात आदिवासी पेशंट असेल तर जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता विचारात घ्यायची, कारण अशा पेशंटच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात, आणि ताप-थंडीसह किडनीपर्यंत गेलेल्या संसर्गात ते वापरायचे नाही.

तंत्रज्ञ नाही, वीज नाही, ही उत्तरे तयारच असतात. लॅब टेक्निशियन आहेत. बशी वाचणे शिकवावे लागेल. विजेचे म्हणाल तर लशींच्या आयएलआरला, म्हणजे बर्फाच्या अस्तराच्या फ्रिजला, २४ तासांत ८ तास वीज मिळाली तरी २ ते ८ अंश टिकतात, आणि वापरातल्या चकत्यांना नेमके तेच लागते. पण त्या आयएलआरमध्ये लशींशिवाय काही ठेवायला परवानगी नाही, आणि तो नियम योग्यच आहे. तेव्हा दर उपजिल्हा रुग्णालयामागे आणखी एक आयएलआर, दारावर ‘फक्त चकत्या’ असे लिहिलेला, मागणीपत्रात पहिल्या ओळीला असावा.